पलीकडच्या शाळेची होडी

१२ जानेवारी, सोमवार

घरात घोर अन्याय झाला आहे, त्याची नोंद व्हायलाच हवी. माझ्या खुर्चीतली उशी बेपत्ता! जिच्यावर बसून मी रोज पेपर वाचतो आणि सरकारला नावं ठेवतो, ती. बायको, सुजाता, थंडपणे म्हणाली, "शाळेत नेते. होडीची फळी ओली असते."

ओली का? तर— "होडीवाले सुकदेवदादा डब्याने पाणी काढतात की." जणू रोज भाजी निवडतात!

तिची शाळा दुधनीच्या जलाशयाच्या पलीकडच्या काठावर. तिथल्या पाड्यांना तेवढी एकच. सुजाता आणि दुसऱ्या बाई रोज होडीने जातात, वाटेत चार-दोन पोरं चढतात. नवी होडी मागणारं टिपण मीच लिहिलंय. संस्कृतच्या मास्तराला 'भाषा चांगली' म्हणून सिल्वासाच्या शिक्षण कार्यालयात आणून बसवलं. इतकी वर्षं संस्कृत घोकलं ते 'मंजुरीस्तव सादर' लिहायला!

१४ जानेवारी

संक्रांत. हिशेब बघणाऱ्या मंजुषाने तिळगूळ दिला. "गोड बोला सर. यंदा शाळांच्या पैशांना मोठी कात्री आहे." हे म्हणे गोड बोलणं.

१६ जानेवारी

अंदाजपत्रकाची बैठक. देसाईसाहेबांनी माझं टिपण उलटसुलट करून पाहिलं. "होडी 'वाहन' में कैसे डालेंगे? पासिंग नंबर किधर है?"

मी म्हणालो, "साहेब, पाण्यात नंबरप्लेट बघणार कोण— मासे?"

कुणी हसलं नाही.

"बस मागा ना, बस देतो."

"रस्ता नाही, साहेब."

"तो रस्ता बांधकामवाल्यांकडे मागा!"

पुढचा विषय— बाकं आणि पंखे. होडी 'विचाराधीन'. विचार कोण करतंय, ते कळलं नाही.

१९ जानेवारी

उशी दोरीवर टाकलीय. पिळून काढली तरी ठिबकते आहे.

"जरा वारा होता," सुजाता म्हणाली. मग हसून— "सुकदेवदादा म्हणतात, बाई, तुम्ही गाणं म्हणा, मी पाणी काढतो!"

मी हसलो. जेवण गेलं नाही.

२१ जानेवारी

देसाईसाहेबांनी एकट्याला बोलावलं. चहा मागवला.

"होडी छोडो, मास्तर. ती शाळाच बंद करू. पोरं खानवेलच्या वसतिगृहात, दोन्ही बाईंना खानवेलची शाळा, होडीचा प्रश्नच नाही. खर्च निम्मा. होडीसाठी एवढं भांडलात, तर तुम्हीच सांगा. चालेल?"

माझ्याकडे उत्तर तयार होतं. सहा वर्षांची पोरं वसतिगृहात टिकत नाहीत, दुसऱ्याच आठवड्यात घरी पळतात. मुलींना तर पाड्यावरून पाठवणारच नाहीत. सुकदेवची नात दुसरीत आहे. तिची शाळा तिथेच संपेल. हे सगळं माझ्याच टिपणात आहे, आणि बरं लिहिलंय.

चहा संपेपर्यंत साहेब थांबले.

२२ जानेवारी

काल मी 'चालेल' म्हणालो.

सुजाताला अजून सांगितलेलं नाही. सकाळी उशी काखेत मारून गेली.

तिला पोहता येत नाही. टिपणाची पानंच्या पानं पोरांच्या नावाने लिहिली. भीती मला एवढीच होती.