पदराआडचं तोंड

प्रिय यशू,

तू रोज फोन करतेस आणि मी उचलत नाही, म्हणून चिडली असशील. चीड. व्हिडिओवाला तर मी कापतेच, साधाही नुसता वाजू देते. बाबांनी सांगितलं असेल की आई कामात आहे. तसं सांगायला मीच सांगितलं होतं. कामात मी कधी नसते? पण कारण ते नाही. कारण सांगते, फक्त आधी बाकीचं ऐकून घे, कारण तुला शेवटचं आधी ऐकून रडायला बसायची सवय आहे. पाचवीपर्यंत शिकलेल्या बाईचं पत्र आहे, त्यात आपलं इथलं मराठी म्हणजे अर्धं हिंदी. चुका काढत बसू नकोस. भोपाळच्या हापिसात त्याचाच पगार मिळतो तुला, घरी तरी सुट्टी घे.

पुढचा दात कसा गेला ते आठवतं ना? संक्रांतीला बाबांनी मुरैन्याची तिळाची गजक आणली होती. गजक तोंडात विरघळते असं सगळं ग्वाल्हेर सांगतं. माझ्या तोंडात गजक राहिली आणि दात विरघळला. आधी तू हसलीस, मग मी. शेजारच्या शामलाकाकू म्हणाल्या, उंदराच्या बिळात टाका, नवा येईल. मी म्हटलं, उंदीर या वयाच्या बाईला ओळखत नाही हो. तेव्हा दुखत नव्हतं म्हणून सगळं गमतीचं होतं. मग शेजारचा हलायला लागला, मग त्याच्या शेजारचा. हिरड्यांतून घाण यायला लागली. बोलताना समोरच्याची नजर डोळ्यांवरून खाली उतरते ना, ती मला सोसेना. म्हणून मी पदर तोंडावर ओढायला लागले. एवढंच. त्यात दुसरं काही नव्हतं.

पुरणपोळीच्या ऑर्डरी तू पाहिल्या आहेस. तव्यावर वाकलं की शेक गालाला लागायचा आणि ठणका थेट कानात. लवंग झाली, तुरटी झाली, अमरूदाच्या पानांच्या गुळण्या झाल्या. मेडिकलवाला भैया म्हणायचा, दो-दो ले लो चाची, आराम पड़ जाएगा. आराम पडायचा तो त्याच्या गल्ल्याला. गोळ्यांनी पोट जळायला लागलं आणि दात होते तसेच.

तू म्हणालीस म्हणून फूलबागेकडच्या त्या काचेच्या दवाखान्यात गेले. आत इतका गारठा की उरलेले दातही वाजायला लागले. टेबलामागची पोरगी माझ्या चपलांकडे बघत होती. डॉक्टरने माझं तोंड असं न्याहाळलं जसं नगर निगमवाले पडकं घर न्याहाळतात, कुठून पाडायला घ्यायचं ते. मग स्क्रू, टोपी, पूल, काय काय सांगितलं. भाव ऐकून मला हसू आलं. तेवढ्यात किती वर्षं पोळ्या लाटाव्या लागतील ते मी मोजलंच नाही, मोजून काय करायचं? तो म्हणाला, किस्तों में करवा लीजिए. मी म्हटलं, भैया, किस्तों में तो दाँत जा ही रहे हैं. त्याला कळलं नाही. बाहेर बसलेली एक म्हातारी मात्र खो खो हसली, तिच्याही तोंडात काही नव्हतं.

तू लगेच म्हणालीस, मी हापिसातून कर्ज काढते. काढू नकोस. हे मी तेव्हाही सांगितलं, आताही सांगते. तुझा संसार सुरू होण्याआधी माझ्या दातांचा हप्ता त्यात शिरायला नको.

मग फुकट इलाजाचं सरकारी कार्ड घेऊन अस्पतालात गेले. खिडकीवरचा म्हणाला, भर्ती होना पड़ेगा, दाँत इसमें नहीं आता. मी विचारलं, दात शरीरात येत नाही का? काय किरायाने राहतो तोंडात? मागच्या रांगेतले हसले, त्याने खिडकीच लावून घेतली. हजीऱ्याच्या मोहल्ल्यात दातांचं फुकट शिबिर होतं तिथेही गेले. मोठा मंडप, हारतुरे, भाषणं. तपासणारा एकच डॉक्टर, तोही घामाघूम. तोंडात बॅटरी मारून म्हणाला, अस्पताल में दिखाइए. म्हणजे आम्ही कुठे आलो होतो, लग्नाला? जाताना सगळ्यांना ब्रश आणि पेस्ट वाटली आणि फोटो काढताना एक जण मला म्हणतो, मुस्कुराइए अम्मा. मी म्हटलं, काशाने? त्या ब्रशने मी आता तव्याच्या कडा घासते. चांगला आहे.

आता पदराचं ऐक. केदारच्या घरचे तुला बघायला आले त्या दिवशी माझा गाल आतून पेटला होता. मी पदर धरून एका कडेला बसले, कोणी विचारलं की मान हलवायची, बस. तूच स्वयंपाकघरात म्हणाली होतीस, आई, जरा कमी बोल. पहिल्यांदा तुझं ऐकलं ते दातामुळे. आणि त्याची आई, सुमनताई, काय म्हणाल्या? आपल्या मोठ्या सुनेला, त्या स्मृतीला, सगळ्यांसमोर म्हणाल्या, बघ, याला म्हणतात वळण, सरदारघराण्यातल्या बायका अशा असायच्या. यशू, आपण कसले सरदार? आपले पूर्वज दक्षिणेतून फौजेबरोबर आले खरे, पण घोड्यावर बसून नाही, घोड्यांना चंदी घालत. पण विहीणबाईंनी बसल्या बैठकीत घराणं बहाल केलं आणि मलाही, खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. आयुष्यभर लोक मला तोंडाळ म्हणाले. एक दिवस कोणी मर्यादाशील म्हटलं तर म्हणू दे.

तू तर खूशच झालीस. परत भोपाळला गेल्यावर फोनवर म्हणालीस, आई, लग्नापर्यंत असंच राहू दे ना, पदर शोभतो तुला, फोटोही छान येतील, दातांचं नंतर बघू. मी हो म्हटलं. तुझ्यासाठी म्हटलं.

मग गौरीच्या हळदीकुंकवाला सुमनताईंकडे बोलावणं होतं. दार स्मृतीने उघडलं. तू तिला ओळखतेस, स्कूटीवर शाळेत शिकवायला जाणारी, केस कापलेली पोर. तिच्या डोक्यावर पदर, तोही पिना लावलेला, कारण त्या केसांवर ठरत नाही. माझ्या हातावर हळद लावताना हळूच म्हणाली, काकू, हा तुमच्यामुळे माझ्या डोक्यावर आलाय, तुमचं नाव घेऊन रोज बोलणी खाते मी. हसत म्हणाली, पण हसत नव्हती. तवा हाताला लागावा तसं झालं मला. माझ्या पदराखाली घराणं नव्हतं, वळण नव्हतं, पू होता. आणि त्या पुवाचा कायदा होऊन दुसऱ्याच्या लेकीच्या डोक्यावर बसला होता. तिच्यानंतर त्या घरात कोण जाणार आहे? तू. पिना आत्तापासून घेऊन ठेव म्हणावं का तुला?

त्याच आठवड्यात गाल सुजून डोळा झाकला. ताप भरला. बाबा घाबरले आणि मला टेम्पोत घालून सरकारी दवाखान्याच्या दातांच्या विभागात घेऊन गेले. रांग एवढी की आत शिरेपर्यंत मला लोकांची आडनावं पाठ झाली. तिथे डॉक्टर निधी म्हणून आहे, तुझ्याएवढीच असेल, आणि तोंडाने माझ्यापेक्षा तिखट. म्हणाली, अम्मा, इतने दिन क्या कर रही थीं, इनकी आरती? साखर तपासली, ती वाढलेली. गोळ्यांची पाकिटं बघून तिने मला असं झापलं की बाबांनी मान खाली घातली. वरचा एकही दात राहण्यासारखा नाही म्हणाली, सगळे काढायचे. मग हिरड्या भरून येईपर्यंत काही महिने थांबायचं, मग तिथेच कवळी करून देतात, गरिबाला परवडेल अशी. पण तिचीही रांग असते. मी हिशेब लावला, तुझं लग्न मध्येच येतं. मी विचारलं, लग्नापर्यंत असेच ठेवले तर? ती म्हणाली, शादी आपकी है क्या? मग जरा मऊ होऊन म्हणाली, ठेवू शकता, पण ही सूज परत येईल, आणि पुढच्या वेळी गालावर थांबेलच असं नाही.

मी तिथेच तोंड उघडलं. म्हटलं, काढ.

एकदम नाही काढले, थोडे थोडे काढले. दर वेळी मी कापूस चावत टेम्पोतून घरी आले. चावत कसली, दाबत. बाबांनी पेज करायला शिकून घेतली, दोनदा करपवली, तरी खाल्ली. शेवटच्या फेरीनंतर मी झोपले ती सकाळी उठले तेव्हा काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. मग लक्षात आलं, दुखत नाही. यशू, न दुखणं कसं असतं ते मी विसरूनच गेले होते. मी तशीच उठून एका बसणीत सगळ्या ऑर्डरीच्या पोळ्या लाटल्या आणि वर गाणंही म्हटलं. गाण्यात शब्द नव्हते, नुसती हवा होती, पण शामलाकाकू बघायला आल्या की या घरात झालं काय.

तर आता कारण. फोन उचलत नाही कारण माझं बोलणं तुला कळणार नाही. ओठ आत जातात, शब्दांची पेज होते, आणि तू विचारत बसली असतीस, आई काय झालं, आई नीट बोल. म्हणून लिहिलं. पण ते एकच असतं तर आणखी आठ दिवस थांबले असते. आजच लिहिलं, कारण आज दुपारी मी एकटी सुमनताईंकडे गेले होते आणि संध्याकाळी त्या केदारला फोन करतीलच. त्याच्याकडून कळण्याआधी माझ्याकडून कळू दे, बाबा या कागदांचे फोटो काढून तुझ्या मोबाइलवर पाठवतील. मी त्यांच्या दिवाणखान्यात बसले आणि पदर खाली घेतला. पार खांद्यावर. आणि तोंड उघडून दाखवलं, डॉक्टरला दाखवतात तसं. मग म्हटलं, सावकाश म्हटलं म्हणजे कळावं, ताई, हे होतं पदराआड, वळण नव्हतं. माझे दात सडले होते आणि ते नीट करायला पैसे नव्हते. माझी लेक तुमच्या घरी येईल ती डोकं उघडं ठेवून येईल, आणि या पोरीच्या डोक्यावरचंही काढा, ते माझ्या दातांमुळे आलंय. लग्नात मी अशीच उभी राहणार. तुम्हाला अशी विहीण चालणार नसेल तर आताच सांगा. सुमनताई उठून उभ्या राहिल्या. मला वाटलं, झालं, मोडलं. तुझा चेहरा डोळ्यांपुढे आला, तरी मी पदराला हात लावला नाही. मग त्यांनी आत हाक मारली, स्मृती, यांचा चहा जरा निववून आण गं, गरम लागेल त्यांना. स्मृती चहा घेऊन आली. डोक्यावर काही नव्हतं, पिना मुठीत होत्या. सुमनताईंनी तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि मला म्हणाल्या, बशीत ओतून प्या. यापुढचं काय ते मला माहीत नाही. हो म्हणाल्या नाहीत, नाहीही म्हणाल्या नाहीत. तुला माझी लाज वाटली असेल तर स्पष्ट सांग, मी ऐकून घेईन, पण लग्नात मी पहिल्या रांगेतच बसणार. आणि विहिणींनी एकमेकींना घास भरवायची वेळ येईल तेव्हा फोटोवाल्याला सांगून ठेव, माझं तोंड पूर्ण उघडल्याशिवाय बटण दाबायचं नाही. पेढा तेवढा मऊ आणा.

तुझीच, दात गेले तरी गप्प न बसणारी,
आई