काटा थांबेपर्यंत

१३ नोव्हेंबर १९५५

चार पौंड दोन औंस. फक्त! धंतोलीचे डॉक्टर म्हणाले, "पाच होऊ द्या, मग काळजी नाही. आईनं पोटभर जेवायचं." घास उतरेल तर ना! पोर सातव्या महिन्यातच जन्मलेली, म्हणून बारसंही थांबलंय. दूध पुरत नाही. फार भीती वाटते.

२० नोव्हेंबर

पाच!! सासूबाईंनी सूत जोखायच्या स्प्रिंगच्या काट्याला झोळी अडकवली. बाईसाहेबांनी अशा लाथा झाडल्या की झोळी खाली-वर, खाली-वर! मी डोळे मिटूनच उभी. "पाच झाले वं प्रेमिला!" सासूबाई ओरडल्या. मी तीन भाकरी खाल्ल्या. वर दोन संत्री. सासूबाई पुढ्यात बसून वाढतच होत्या.

२२ नोव्हेंबर

भांडी घासताना एकदम आठवलं. अगं बाई! कॉलेजात हाच प्रयोग केला होता की! झोळी खालून वर वळते तेव्हा स्प्रिंगला वजन पेलावं लागतं, वर उचलावंही लागतं. काटा जास्त दाखवतो. वरून खाली वळताना कमी. खरं वजन मधलं!

तीन पौंड ज्वारी बांधून टांगली, झटका दिला. साडेतीन, अडीच, साडेतीन, अडीच... थांबली तेव्हा तीन. आठवड्यात चौदा औंस कसे वाढतील? म्हणजे सासूबाईंनी झोळी हलत असतानाच तळाचा आकडा वाचला. पाच नाहीतच!

आणि त्या गल्लीभर बारशाचं सांगून आल्यात. आता कोणत्या तोंडानं सांगू?

२३ नोव्हेंबर

नाही सांगितलं. दूध मात्र भरपूर येतंय. पोर पिऊन पिऊन झोपते, लबाड!

२७ नोव्हेंबर

आज बारसं. पहाटेच पोर झोपेत असताना मी झोळी टांगली. हातानं धरून स्थिर केली, मग अलगद सोडली. काटा जागचा हलला नाही. पाच पौंड एक औंस! खरे! मी तिथंच नाचले. हे उठून बघायला आले, तेही हसायला लागले.

२८ नोव्हेंबर

अखेर राहवलं नाही. सासूबाईंना म्हटलं, मागच्या खेपेला तुम्ही आकडा चुकीचा वाचलात.

भाकरी थापता थापता म्हणाल्या, "मले काय सांगतं? तीस वर्सं सूत जोखलं म्या. काटा थांबल्याबिगर आकडा सांगते काय कोणी? पण तू जेवूनच नव्हती राहिली."