घोंगडीच्या पानाचं बारसं

७ नोव्हेंबर २०११, सोमवार. नौबाद

मी बोलते, सुमी टाइप करते. नात माझी. शिकली कन्नड शाळेत, आता मराठी टायपिंगला हात बसावा म्हणून रोज माझ्याकडं चार वाक्यं मागते. म्हणलं चारच कामून, पोतं भरून घे.

काल बापलेकीची जुंपली. हिला हैदराबादला कॉम्प्युटरच्या नोकरीवर बोलावलंय, एक डिसेंबरला हजर व्हायचं. माझा लेक वसंता मागावर बसलेला. इकडून तिकडं पळणारा धोटा न थांबवता म्हणाला, "त्या डबड्यातनं काय व्हतंय?"

"घोंगडी विकून दाखवू का अप्पा?"

"वळखीचा न्हाई चालायचा. परक्या मुलखातला माणूस पायजे, आपलं नावबी न ऐकलेला. त्यानं डबड्यात बघून एक घोंगडी घेतली तर जा."

मला कुणी विचारलं न्हाई. बरंच झालं. ही जावी असंबी वाटतंय, आणि न जावी असंबी

(आज्जी इथं उठून गेली. — सु.)

९ नोव्हें., बुध.

घोंगडीचं इंटरनेटवरचं पान जन्मलं. त्यात घोंगडीचे फोटो, मागाचा फोटो, वसंताचा डोळे मिटलेला फोटो, खाली फोनचा नंबर. माझा लोकर कातताना. दाताला मिश्री लागलेली दिसायलीय. काढ म्हणलं, काढला न्हाई.

११ नोव्हें., शुक्र.

आज कळलं, पान करून भागत न्हाई. पानाच्या डोक्यात काही ओळी लिहाव्या लागतात. मेटा टॅग म्हणतात. पान उघडलं तर त्या दिसत न्हाईत, पण कुणी इंटरनेटवर घोंगडी शोधली, नाहीतर आपली लिंक कुणाला धाडली, की आधी त्याच दिसतात. नाव काय, माल कसला, फोटो कोणता.

म्हणलं कळलं. पोरीचं लग्न जमवताना मध्यस्थाच्या कानात सांगतो ते. पोरगी कुणाची, कुठली, कशी. पाहुणे त्याच्यावरच ठरवतात, यायचं का न्हाई.

सुमी मान हलवून म्हणाली, "सांग मग, माल कसा?"

आपल्या मालाची आपण वाखाणणी करू न्हाई, नजर लागते. सासू बाजारात घोंगडी विकायची ती सुद्धा नावं ठेवून. मी तसंच सांगितलं: "जुन्या हाताची. अंगाला टोचते, पण टिकते. थंडी-पाऊस सोसलेली. भाव बसून ठरवू." सुमी हसत हसत लिहून मोकळी झाली.

मग म्हणाली, "आता नाव."

"बाराव्या दिवसाआधी नाव ठेवत न्हाईत आपल्यात."

"आज्जे, हे काय लेकरू हाय का?"

"त्याच्यापायी जेवायला उठत न्हाईस. लेकरूच की."

नावाच्या जागी लिहिलं, "नाव नंतर ठेवू".

१४ नोव्हें., सोम.

सुमीनं काल लिंक सगळ्यांना धाडली. सकाळीच मेहकरहून माझ्या धाकट्या भावाचा फोन.

"अक्का, तुला विकायला काढलं का गं?"

त्याच्या नातवानं त्याला मोबाइलवर दाखवलं. वर माझा फोटो, मिश्रीसकट. त्याच्याखाली "नाव नंतर ठेवू". त्याच्याखाली "जुन्या हाताची. अंगाला टोचते, पण टिकते."

"आन भाव बसून ठरवू म्हणं! कोण बसायलंय तुझ्यापाशी?"

"भाऊ हायस, पहिली बोली तुझी."

"फुकट दिलीस तरी नगं. लहानपणीच टोचून घेतलंय."

सुमी कपाळाला हात लावून बसली. कोणता फोटो दाखवायचा हे त्या ओळींत सांगायचं राहून गेलं, म्हणून डबड्यानं आपल्या मनानं उचलला. म्हणलं इतक्या घोंगड्या सोडून मलाच उचललं, त्याला पारख हाय.

१६ नोव्हें., बुध.

चहाच्या टपरीवर वसंताला चौघांनी विचारलं, आईची किंमत ठरली का. घरी येऊन पाय आपटले. "सगळं बदल! लिही, जगप्रसिद्ध, रेशमावानी मऊ, एक नंबर!"

सुमीनं फोटो बदलला, ओळी बदलल्या. तरी लोकांना अजून मीच दिसायले. का, तर इंटरनेटचं तिकडचं डबडं एकदा येऊन आपलं पान बघून गेलंय. परत फिरून येईल तवा नवं दिसंल.

"कवा येतंय?"

"त्याच्या मनावर."

म्हणजे शिरगणतीवाला. यंदा आला, मला विचारायच्या आत माझं वय लिहून गेला. आता पुढची शिरगणती होईपर्यंत माझं वय तेच.

वसंताचं ते 'रेशमावानी' वाचून मला मात्र धडकी भरली. घोंगडी ती, रेशमावानी कशी असंल? घेणारा माणूस हात लावूनच शिव्या देईल.

२० नोव्हें., रवि.

बारावा दिवस. घुगऱ्या शिजवल्या. शेजारच्या चार बाया आल्या. कॉम्प्युटरला हळद-कुंकू लावलं, पाळण्यात ठेवू दिला न्हाई सुमीनं. वायर पुरत न्हाई म्हणे. आत्याचं काम मीच केलं, वाकून कानात सांगितलं. कान कुठला ते सुमीला विचारून घेतलं. नाव ठेवलं "नौबादची घोंगडी".

वसंता दारात उभा. हसू दाबून दाबून तोंड लाल. घुगऱ्या दोनदा घेतल्या.

नाव झालं. गिऱ्हाईक न्हाई. सुमी दिवसभर फोनकडं बघायलीय.

२२ नोव्हें., मंगळ.

फोन आला! रत्नागिरीची बाई. ना नात्यातली, ना वळखीची. सुमी घरात नव्हती, मीच घेतला.

"टोचणाऱ्या घोंगडीच्या आजी का?"

"व्हय. तुमाला कसं कळलं?"

तिनं इंटरनेटवर घोंगडी शोधली. सगळ्यांनी मऊ मऊ लिहिलेलं. आमचं तिथं अजून "नाव नंतर ठेवू", आन खाली माझ्याच ओळी. तिनं आधी एक 'मऊ' म्हणून मागवलेली, ती निघाली नायलॉनची.

"खरंच टोचते ना?"

"बाई, घेऊन बघा. माणसाला जागं ठेवती."

एक घोंगडी पक्की झाली. सुमीला सांगितलं तर तिनं मला उचलूनच धरलं. वसंता म्हणाला, "ही आईच्या तोंडामुळं खपली, डबड्यामुळं न्हाई."

"आज्जीचं तोंड डबड्यातच व्हतं की, अप्पा."

त्यावर वसंतानं नवी मेख मारली. "परत न्हाई आली तरच विकली म्हणायची."

२४ नोव्हें., गुरु.

सकाळी न्हाणीत बघते तर सुमी घोंगडी भिजवून चोळायलीय. चिंचोक्याची खळ सगळी उतरवली. मऊ केली तर बाई परत धाडणार न्हाई, असं हिचं शहाणपण. कडक राहावी म्हणून लावलेली खळ, तीच धुऊन टाकली!

"अगं, टोचते म्हणून घेतलीय तिनं. मऊ निघाली तर आपणबी नायलॉनवाले."

सुमी रडायच्या बेतात. वसंता मागावरनं उठला. घोंगडी हातात घेऊन बघितली. मला वाटलं आता म्हणेल, झालं, बस घरी. पण तो चुलीकडं गेला, चिंचोके शिजत घातले. दुपारभर एकटाच खळ लावत बसला, उन्हात ताणून कुंच्यानं सारखी केली. पुटपुटत होता, "अशी धाडली असती तर परत आलीच असती."

मी ऐकलं. सुमीनंबी ऐकलं. 

२६ नोव्हें., शनि.

पार्सल गेलं. शिवताना वसंतानं दोनदा उसवून पुन्हा शिवलं.

३० नोव्हें., बुध.

उद्या हजर व्हायचा दिवस. पहाटेची गाडी. सुमी पिशवी भरली न्हाई म्हणते. मी बघितलीय, भरलीय.

दुपारी रत्नागिरीहून फोन. तिघंबी कान लावून.

"आजी, घोंगडी पोचली. छान दिसते."

"टोचली का?"

"अजून अंगावर कुठं घेतलीय? आमच्याकडं उकडतंय अजून. थंडी पडली की सांगते."

फोन ठेवला. सुमी बापाकडं बघायली. मी दोघांकडं. विकली म्हणायची का न्हाई, हे आता रत्नागिरीच्या थंडीवर.

वसंतानं धोटा हातात घेतला. मग खाली बघूनच म्हणाला, "हैदराबादला थंडी असती का गं?"

मला विचारलं का सुमीला, कळलं न्हाई. मी उठले आणि एक घोंगडी सुमीच्या पिशवीवर ठेवली.