खोडलेली शीर

३ जून

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझे गुडघे कसे आहेत? इथे माझंच डोकं ठिकाणावर नाही. आठ महिने भिंगाखाली डोळे फोडून मी एक गांधीलमाशी वेगळी काढली. तिळाएवढी. जिवंत अळीच्या अंगात अंडी घालते आणि पिल्लं अळीला आतून खाऊन बाहेर पडतात, त्या जातकुळीतली. हिच्या पंखात एक आखूड जादा शीर आहे, ती बाकीच्यांत नाही. म्हणजे प्रजाती नवी! मी लेख लिहिला.

आमचे संग्रहालयाचे साहेब म्हणतात, ती शीर नव्हे, पंखाला पडलेली सुरकुती. त्यांच्या पुस्तकात या माश्यांची प्रजाती एकच आहे, मग जगात दोन कशा असतील? माझ्याकडे नमुना एकुलता एक. लेख मागे घेतला नाही तर करार वाढणार नाही, हेही गोड आवाजात सांगून झालं. त्यांच्या हाताखाली तू वीस वर्षं चित्रं काढलीस. सांग, काय करू?

तुझा लोभ आहे, म्हणून तर रडगाणं गाते.
तुझी मुंगी

९ जून

चि. मुंगीस,
अनेक आशीर्वाद.

गुडघे कुरकुरतात, जीभ शाबूत आहे. अगं, ती शीर मी पाहिली आहे! पुस्तकासाठी पंख काढताना एका माशीत दिसली, म्हणून काढली. साहेबांनी खोडरबर पुढे केला आणि म्हणाले की, चित्रकाराने डोकं चालवू नये. पक्क्या चित्रातून मी ती खोडली. पुस्तकात चित्रं सगळी माझी, नाव कुठेच नाही, आणि मी मूग गिळून बसले. त्याची लाज मला अजून वाटते.

पण पहिलं कच्चं चित्र मी कधी टाकत नसे. ट्रंकेत होतं, सोबत पाठवते आहे. सवयीप्रमाणे कोपऱ्यात नमुन्याचा क्रमांक आहे. ती माशी तिथेच, संग्रहालयाच्या कुठल्यातरी खणात असणार. शोध. सापडली तर मान तुकवू नकोस, नोकरी गेली तरी.

आणि आगाऊपणा करून तिला माझं नाव देऊ नकोस. अळ्या पोखरणारीला बायकोचं नाव म्हटल्यावर तुझे आतोबा जन्मभर हसतील.

जेवत जा वेळेवर. माया आहेच.
आत्या

११ डिसेंबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

चार ओळींच्या कार्डांवर तुला सहा महिने टांगून ठेवलं, आता सगळं सांगते. तुझी माशी सत्ताविसाव्या खणात सापडली. टाचणी गंजलेली, तिच्यावरच्या नावाच्या चिठ्ठीवर साहेबांचंच अक्षर, आणि शीर दोन्ही पंखांत! सुरकुती काय मोजून एकाच जागी पडते?

दोन्ही माश्या आणि तुझं चित्र मी त्यांच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी बराच वेळ भिंगातून पाहिलं. मग म्हणाले की, लेखावर पहिलं नाव त्यांचं घातलं तर करार वाढेल. मी नाही म्हणाले. त्याच संध्याकाळी टेबल रिकामं केलं. सध्या शाळेत विज्ञान शिकवते.

लेख काल छापून आला. चित्र तुझंच, खाली तुझं नाव. आणि माशीलाही तुझंच नाव दिलंय. तुझं ऐकलं नाही, हवं तेवढं रागाव, आतोबांनाही पोटभर हसू दे. पण आमच्यात असं आहे की प्रजातीचं नाव एकदा छापलं की देणाऱ्यालाही ते परत घेता येत नाही. सत्ताविसाव्या खणातली जुनी चिठ्ठी आता चुकीची ठरली. चिठ्ठ्या अजून तेच लिहितात, म्हणून ती बदलताना साहेबांना स्वतःच्या हाताने तुझं नाव लिहावं लागेल.

रागावलीस तरी लोभ आटू देऊ नकोस.
तुझी, न ऐकणारी,
मुंगी