काचेतले निशाण परत मिळणेबाबत

प्रति,
मा. अभिरक्षक,
श्रमवारसा संग्रहालय,
अहमदनगर.

अर्जदार : साळूबाई कोंडीराम देठे, निवृत्त बिडी कामगार, माजी चिटणीस, बिडी कामगार युनियन, मु. पो. ता. अकोले.

विषय : युनियनचे लाल निशाण माझे पती हयात आहेत तोवर परत मिळणेबाबत.

संदर्भ : माझे यापूर्वीचे तीन अर्ज व त्यांवरील आपली तीन उत्तरे.

महोदया,

विनंतीपूर्वक अर्ज करते की,

१. मी उभा जन्म बिड्या वळल्या आणि त्यातला निम्मा काळ युनियनची चिटणीस म्हणून अर्ज लिहिले. कारखानदाराला लिहिले, लेबर ऑफिसरला लिहिले, मामलेदाराला लिहिले. आपल्याच माणसाला अर्ज लिहायची वेळ कधी आली नव्हती, ती आपण आणलीत. त्यामुळे भाषेत काही कमी-जास्त झाल्यास सांभाळून घ्यावे.

२. गेल्या वर्षी मे महिन्यात आपली ‘कला, संग्रहालये आणि समाजवादी वारसा’ ही फिरती उन्हाळी शाळा नगरहून निघून संगमनेरमार्गे अकोल्यास आली. मोठी बस, पुण्या-मुंबईची मुले-मुली आणि सर्वांच्या पुढे आपण. मुक्काम युनियनच्या ऑफिसात, जेवण आमच्या घरी. हुलग्याचे शेंगोळे मुलांना तिखट लागले, तरी वाट्या चाटूनपुसून गेल्या. दिवसभर त्यांनी माझ्या हातांची चित्रे काढली. तंबाखूचा वास सोसेना म्हणून मला रिकाम्या पानांच्या बिड्या वळायला लावल्या. आयुष्यात पहिल्यांदा फुकटचे काम केले, तेही हसत. संध्याकाळी आमच्या संपावर आम्हालाच व्याख्यान झाले. समाजवादी वारसा म्हणजे काय हे मला तेव्हा नीट कळले नाही. वारसा माणूस मेल्यावर लागतो एवढे ठाऊक होते, आणि आम्ही तर समोर बसलो होतो.

३. निघताना आपण युनियनचे निशाण मागितले. शाळेबरोबर गावोगाव दाखवू, दिवाळीच्या आत आणून देऊ, असे आपले शब्द आहेत. या युनियनने मालकाकडून हरेक गोष्टीची पावती भांडून घेतली आहे. आपल्याकडूनही कागद करून घेऊ असे मी म्हटले होते. त्यावर माझे पती कोंडीराम म्हणाले, “येडी का खुळी तू? सहादेवाची पोर हाय ती. घरच्या लेकराकडून कुनी पावती घेतं का?” मी काढलेला कोरा कागद परत ठेवून दिला. ती दिवाळी गेली, दुसरीही परवा गेली. निशाण आपल्या संग्रहालयात काचेच्या कपाटात आहे.

४. हे निशाण काय आहे ते आपणास सांगण्याची गरज नाही. परंतु हा अर्ज आपल्या वरिष्ठांपुढेही जाईल म्हणून लिहिते. मोठ्या संपाच्या वर्षी आम्ही बायकांनी मांजरपाट लाल रंगवून ते शिवले. आमचा कोणीही सभासद वारला, मग तो मराठा असो, बौद्ध असो, मुसलमान असो, त्याच्या अंगावर हेच निशाण पडते. सरणाला किंवा कबरीला देण्याआधी ते काढून घ्यायचे, आणि त्या घरच्या माणसाने काठाला काळ्या दोऱ्याचा एक टाका घालून ते युनियनकडे परत करायचे, अशी रीत आहे. हार-फुले ज्याची त्याची, निशाण सगळ्यांचे. ते अंगावर घालण्याचे काम पहिल्यापासून कोंडीराम यांचे. आपले वडील कॉ. सहादेव गेले तेव्हाही त्यांनीच घातले. टाका घालताना आपल्या आईला सुई ओवता येईना म्हणून ती आपण ओवली होती. आपण तेव्हा दुसरीत होतात.

५. संग्रहालयाचे उद्घाटन झाल्याचे पेपरात वाचून मी एकटीच नगरला आले. दारात तिकीट मागितले, ते काढले. निशाणाखाली पाटी आहे : ‘कामगार चळवळीतील ध्वज. नंतरची भर काढून मूळ स्वरूपात आणला आहे.’ काठ कोरा होता. आपले शिपाई गोरक्ष यांना विचारता कळले की, काळा दोरा चिमट्याने एकेक करून उसवला, आणि ते काम आपण स्वतः उभे राहून करून घेतले. कारखान्यात मुकादम आमच्या बिड्यांची छाट काढायचा, ही खराब, ती खराब म्हणून बाजूला टाकायचा, तशी आपण आमच्या मेलेल्या माणसांची छाट काढलीत. मुकादमाचे एक वेळ समजत असे, तो मालकाचा माणूस होता. तू बापाचा टाकासुद्धा ठेवला नाहीस, वृषे.

(वरील ओळीत ‘तू’ झाले आहे ते ‘आपण’ असे वाचावे. नव्या कागदावर पुन्हा लिहिण्याइतका धीर राहिलेला नाही.)

६. कोंडीराम यांच्या छातीने उन्हाळ्यापासून दगा दिला आहे. नाशिकच्या डॉक्टरांनी ‘घरी न्या’ म्हणून सांगितले आणि त्याचा अर्थ आम्हा दोघांस कळतो. संपातले गडी सगळे गेले, हे एकटे उरले. त्यांना दुसरे काही नको, वेळ येईल तेव्हा तेवढे निशाण अंगावर हवे. ज्यांनी सगळ्यांना पांघरले त्यांनी उघड्याने जावे, हे मला बघवणार नाही. म्हणून मी अर्ज केले. पहिल्या अर्जास आपले उत्तर आले की, नोंद झालेली वस्तू दालनाबाहेर जात नाही. दुसऱ्यास आले की, निशाणाचे रंगीत छायाचित्र सवलतीत मिळेल. छायाचित्र माणसाच्या अंगावर कसे पसरावे, याचा खुलासा त्यात नव्हता.

७. तिसऱ्या अर्जास आपण कळवलेत की, ‘अंत्ययात्रा संग्रहालयावरून नेल्यास, भावनेचा आदर म्हणून, दालनाची रस्त्याकडील खिडकी उघडी ठेवण्यात येईल, वेळ सकाळी साडेदहा ते पाच, सोमवारी बंद.’ आपण एवढा विचार केलात याबद्दल आभारी आहे. परंतु अकोल्याहून नगरला पोचायला अर्धा दिवस जातो, प्रेत एस.टी.त घेत नाहीत, आणि कोंडीराम सोमवारी जाणार नाहीत अशी लेखी हमी मला देता येत नाही.

८. आपली तिन्ही उत्तरे मी पुन्हा पुन्हा वाचली. वस्तू बाहेर जात नाही, असे त्यात आहे. माणूस आत येऊ नये, असे कुठेही नाही. मेलेला माणूस आणणे कठीण, जिवंत आणता येतो. सबब येत्या गुरुवारी मी कोंडीराम यांना सकाळच्या गाडीने संग्रहालयात घेऊन येत आहे. ते तिथेच राहतील. त्याकरिता पुढीलप्रमाणे व्यवस्था व्हावी :

(अ) निशाणाच्या कपाटाला लागून एक बाकडे ठेवावे. ते फार जागा घेत नाहीत. निशाण हलवावे लागणार नाही.

(ब) दोघांचे तिकीट मी काढीन. रोज नवे काढावे लागेल की एकच पुरेल, ते गोरक्ष यांना सांगून ठेवावे.

(क) रात्री दालनात माणूस ठेवता येत नसल्यास त्यांचीही वस्तू म्हणून नोंद करून घ्यावी. नाव कोंडीराम, अवस्था जीर्ण, नंतरची भर काही नाही. नोंद झाल्यावर त्यांनाही दालनाबाहेर काढता येणार नाही, असे आपल्याच पत्रावरून समजते.

(ड) त्या दिवशी आपण रजेवर किंवा दौऱ्यावर असू नये.

९. शेवटच्या विनंतीचे कारण असे की, आपली उत्तरे मी त्यांना वाचून दाखवलेली नाहीत. तिकडून काय आले असे विचारतात तेव्हा मी विषय बदलते. मग तेच मला समजावतात, “पोर कामात आसंल. येळ घावला की ईल घिऊन. तिला ठावं हाय.” त्यांच्यामागे कोणी निशाण घालायचे ते त्यांनी आधीच ठरवून ठेवले आहे, आणि नाव आपले सांगितले आहे. गुरुवारी निघताना मी त्यांना सांगणार आहे की, वृषीने बोलावले आहे, निशाण काढून ठेवले आहे. हे खोटे आहे याची मला पूर्ण जाणीव आहे. बाकड्यावर बसून ते आपल्याकडे बघतील, तेव्हा खरे काय ते आपणच त्यांना सांगावे. मला ते जमलेले नाही.

अर्ज लिहिता लिहिता नम्र झालेली,

साळूबाई कोंडीराम देठे

अकोले, दि. १८ नोव्हेंबर १९९६