कपारीतला पाठमोरा

१२ जून १९८५, बुधवार

पोचले एकदाची! अलास्कातल्या अँकरेजहून साडेचार तास सहा माणसांच्या विमानात बसून कान बधिर झालेत, पण खाली उतरल्या उतरल्या पहिल्यांदा काय दिसलं, तर धावपट्टीच्या कडेला बसून जांभई देणारा कोल्हा. पायलटने इंजिन घरघरवलं तरी उठला नाही. हे बेट आपल्याला जमणार, तेव्हाच वाटलं.

लोरिंग बेट. नकाशात बेरिंग समुद्रावर पडलेला शाईचा ठिपका. झाड एकही नाही, नुसतं गवत, शेवाळ, पिवळी-जांभळी फुलं. उन्हाळाभर मी इथली गाईड. पाहुण्यांना चालवत नेऊन पक्षी, सील, कोल्हे दाखवायचे. मिशिगनमध्ये अ‍ॅन आर्बरला झूऑलॉजीच्या वर्गात या नोकरीची जाहिरात फळ्यावर लागली, तेव्हा बाकीच्यांना थंडी आठवली आणि मला नागपूरचा मे महिना. लगेच अर्ज केला.

लॉजची मालकीण नाही, पण मालकिणीसारखी असलेली मिसेस हॉलवर्सन साठीची आहे, कमी बोलते, पाव अप्रतिम भाजते. तिने मला नारिंगी जॅकेट दिलं. कंपनीच्या गाईडचं. खांद्यात जरा मोठं होतंय. रात्रीचे अकरा वाजलेत आणि मी दिवा न लावता लिहितेय. इथे जूनमध्ये अंधार पडतच नाही. बाबांना हे पत्रात लिहिलं तर खरं वाटणार नाही.

१५ जून, शनिवार

पहिली टूर पार पडली. ओरेगॉनचे चार शिक्षक होते. लॉजपासून उत्तरेच्या कड्यापर्यंत दोन मैल, वाटेवर नारिंगी रंगाचे खुंट ठोकलेत. धुकं उतरलं तर एका खुंटापासून पुढचा दिसेपर्यंत हलायचं नाही, हा पहिला नियम.

कडा म्हणजे पक्ष्यांची चाळ! दोनशे फूट सरळ खाली समुद्र, आणि प्रत्येक कपारीत खेटून उभे हजारो पक्षी. काळी पाठ, पांढरं पोट. इंग्रजी नाव मर. मराठीत लिहिताना कसंसंच होतं. अंडी सांभाळायला बहुतेक जण खडकाकडे तोंड करून उभे राहतात, म्हणून आपल्याला नुसत्या पाठी दिसतात. स्टँडवरच्या मोठ्या दुर्बिणीतून रंगीत चोचीचे पफिन पक्षीही दाखवले. एका बाईंना आनंदाने रडू आलं. मलाही येणार होतं.

१८ जून, मंगळवार

आज एक विचित्र गोष्ट झाली. शिक्षकांपैकी डोनाल्ड दुर्बिणीला डोळा लावून होता. त्याने विचारलं, तो माणूस तिथे उतरला कसा? मी हसले आणि बघितलं.

अगदी खालच्या कपारीत, लाटांच्या थोडं वर, पक्ष्यांच्या रांगेत एक माणूस उभा होता. पाठमोरा. खडकाला कपाळ टेकून. पक्षी त्याच्या दोन्ही बाजूंना खेटून बसलेले, एकही बिचकलेला नाही. अंगात नारिंगी जॅकेट.

मी परत बघितलं तोवर कड्यावर धुकं आलं. परतताना सगळ्यांचं एकमत झालं की जाळ्याचं नारिंगी प्लॅस्टिक अडकलं असणार. मीही हो म्हटलं.

२२ जून, शनिवार

प्लॅस्टिक नाही. आज स्वच्छ ऊन होतं. तो दोन कपारी वर आलाय.

शिक्षकांना विमानात बसवलं आणि थेट मिसेस हॉलवर्सनला विचारलं. तिने पीठ मळणं थांबवलं नाही. सांगितलं की गेल्या ऑगस्टमध्ये पीटर नावाचा गाईड कड्यावरून नाहीसा झाला. तोही त्याआधी महिनाभर कपारीत कोणीतरी उभं आहे असं सांगत होता. कंपनीने घसरून पडला असं लिहिलं आणि पुढच्या वर्षासाठी मला घेतलं. मी संतापून विचारलं की मला हे कोणी का सांगितलं नाही. त्यावर ती एवढंच म्हणाली की पाठ दिसतेय तोवर काही होत नाही. त्याला हाक मारायची नाही. तो वळता कामा नये.

मी शिकलेली मुलगी. भूतबीत न मानणाऱ्या घरात वाढलेली. तरी जॅकेट काढून खुर्चीच्या मागे टांगलं.

२६ जून, बुधवार

या आठवड्यात पाहुणे दोनच, आणि तेही मराठी! मिशिगनच्या ट्रॉयचे डॉ. पुरुषोत्तम लिमये आणि वसुधाकाकू. काका सर्जन होते, यंदाच रिटायर झाले. तपकिरी माकडटोपी घालून उतरले आणि माझं नाव ऐकताच ओरडले, अगं वसू, आपली मुलगी निघाली! काकूंनी आडनाव विचारलं. रामटेके म्हटल्यावर किंचित थांबल्या, मग बॅगेतून चकल्यांचा डबा काढून माझ्या हातात दिला. मी दोन्ही गोष्टी लक्षात ठेवल्या.

उद्या सीलच्या किनाऱ्याला जाऊ असं सुचवलं. पण काकांना पफिन बघायचेत. त्यासाठीच तर एवढं ड्राइव्ह, एवढं फ्लाय केलंय, म्हणाले. खरं कारण सांगितलं नाही. काय सांगणार होते?

२७ जून, गुरुवार

सांगायला हवं होतं.

काकूंचे गुडघे दुखत होते, त्या मागच्या खुंटाजवळ बसल्या. मी मुद्दाम दुर्बीण डावीकडे, पफिनांकडे लावली. काकांनी ती स्वतःच फिरवली. तो आता वरून तिसऱ्या कपारीत होता. दुर्बिणीचीही गरज नव्हती.

काका म्हणाले, "अगं, माणूस अडकलाय तिथे!"

मी त्यांचा हात धरला, हाक मारू नका म्हणून अक्षरशः विनवलं. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला माझीच लाज वाटली. तीस वर्षं माणसं वाचवलेला माणूस तो. तोंडाशी हात धरून त्यांनी हाक दिली, "हॅलो! आर यू हर्ट?"

मी खाली बघितलं नाही. मी काकांकडे बघत होते. त्यांचा डोळा परत दुर्बिणीला होता. बराच वेळ होता. मग त्यांनी चष्मा काढून पुसला.

"शीला, मी आयुष्यभर मेलेली माणसं बघितलीत," ते हळू म्हणाले. "तो मेलेला आहे."

"मग काका, तो वळला का?"

त्यांनी चष्मा परत घातला आणि दुर्बिणीकडे पाठ केली. परतीच्या वाटेवर बायकोलाही मागे टाकून सरळ चालत राहिले.

२८ जून, शुक्रवार

काकू नाश्त्याला एकट्या आल्या. म्हणाल्या, काका पहाटेपासून भिंतीला कपाळ टेकून उभे आहेत. खांद्याला हात लावला तर म्हणाले, जरा सरकून उभी राहा, गर्दी आहे.

मी जाऊन बघितलं. तसेच उभे. हात अंगाशी चिकटवलेले. मिसेस हॉलवर्सनने वायरलेसवरून उद्याच्या विमानात डॉक्टर मागवला. काकूंना स्ट्रोकची भीती वाटतेय. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

२९ जून, शनिवार

धुकं. विमान वर घिरट्या घालून परत गेलं. आवाज ऐकायला आम्ही तिघी बाहेर धावलो, तेवढ्यात काका मागच्या दाराने गेले. बूट दाराशीच.

मी एकेक खुंट धरत कड्याकडे पळाले. नियम मोडला, पुढचा दिसायची वाट बघितली नाही. कड्याशी पोटावर झोपून खाली वाकले. सगळ्यात वरच्या कपारीत, माझ्यापासून दहा-बारा फूट खाली, माकडटोपी. शेजारी नारिंगी जॅकेट. दोन पाठी. भोवती पक्षी.

बरोबर आणलेला दोर खाली सोडला. दोर त्यांच्या खांद्याला लागला तरी हलले नाहीत. हाक मारायची नाही हे मला ठाऊक होतं. पण धुक्यात मागून काकूंचा आवाज येत होता, सापडले का गं, सापडले का.

मी हाक मारली. काका.

ते वळले.

३० जून

काकूंना सांगितलं की दिसले नाहीत. घसरले असतील. खोटं बोलले. नाहीतर त्या कड्यावर बघायला गेल्या असत्या.

रडून झाल्यावर काकूंनी माझं डोकं मांडीवर घेतलं. तू प्रयत्न केलास बाळा, म्हणाल्या. माझ्या केसांतून हात फिरवत राहिल्या. मला त्यांचा हात लागत होता, पण लांबून. जाड कपड्यावरून लागावा तसा.

विमान आता बुधवारी. धुकं निघालं तर.

१ जुलै

सकाळी काकूंनी मला भिंतीपासून ओढलं. किती वेळ उभी होते माहीत नाही. कपाळाला भिंतीचा रंग लागलाय. उभं असताना बरं वाटत होतं, हे लिहून ठेवते. खूप बरं. ऊब होती. दोन्ही बाजूंनी.

मग काकूंना खरं सांगितलं. काका दिसले होते. वळले होते. त्यांनी आपला स्कार्फ घेऊन माझं मनगट आपल्या मनगटाला बांधलं. बुधवारपर्यंत सोडणार नाही म्हणाल्या.

काय दिसलं असं त्यांनी विचारलं. सांगता येत नाही. तोंडच होतं. पण ते —

२ जुलै, सकाळ

कपारी रिकाम्या आहेत. मिसेस हॉलवर्सन लांबून बघून आली. पक्षीही नाहीत.

दुपार

खिडकीतून लॉजच्या सगळ्यात जवळचा खुंट दिसतो. तिथे दोघं उभे आहेत. पाठमोरे. माकडटोपी आणि नारिंगी.

काकूंचे डोळे बांधले. त्यांनी बांधू दिले. त्यांना हाक मारू नका म्हटलं. नुसतं हो म्हणाल्या.

संध्याकाळ

खुंटाच्या अलीकडे आलेत. पाठ आमच्याकडेच. उलटे चालतात बहुतेक. चालताना दिसत नाहीत. दर वेळी बघावं तर जवळ —

मिसेस हॉलवर्सन जेवण दाराबाहेर ठेवून गेली. आज दिवसभर माझ्याकडे बघत नाहीये.

३ जुलै, बुधवार

ऊन! धुकं गेलं. विमान ऐकू येतंय.

धावपट्टीवर जायची वाट त्या दोघांच्या शेजारून. काकूंचे डोळे बांधलेलेच राहू देत. मी पुढे, त्या मागे, स्कार्फ दोघींच्या हाताला. मी तर बघितलेलंच आहे, मला आता काय होणार. गाईड आहे मी. एका माणसाला पाव मैल नेता येईलच.

—

नेलं. शेजारून गेलो. त्यांच्या अंगाला पक्ष्यांचा वास. काकू थांबल्या, वास ओळखीचा नव्हता पण खोकला होता. काकांचा. मी ओढत आणलं. काकू चढल्या! मिसेस हॉलवर्सनही. तिने पायलटला लवकर कर म्हटलं, तो इंजिन बघतोय. स्कार्फ सोडला, मी पंखाशी उभी राहून लिहितेय. बॅग आणायची राहिली, राहू दे. मला चढायला

पाय उचलत नाहीये. जरा वेळाने. माझ्याही अंगाला पक्ष्यांचा वास येतोय.

काकूंनी डोळ्यांवरची पट्टी काढली. खिडकीतून मला शोधतायत. मी हात केला, काकू मी इथे, मी

बघितलं माझ्याकडे. हसल्या नाहीत. ओळखलं नाही. काकू मी शीला, काकू —

तोंड फिरवलं त्यांनी. पलीकडे. कपाळ विमानाच्या भिंतीला टेकून उभ्या राहि —