शेवटच्या गाडीची काठी

९ मार्च

धाकटीचा चष्मा पुन्हा आला, कुरिअरने. डावी काडी बिजागरीपाशी मोडलेली. गेल्या खेपेलाही डावीच. त्याआधीही. चष्म्याच्या दुकानात इतकी वर्षं बसून एवढं कळतं — हातातून पडलेला चष्मा कधी इकडून मोडतो, कधी तिकडून. दरवेळी डावीकडूनच मोडतो, तो पडलेला नसतो. उजव्या हाताची थप्पड डाव्या गालावर बसते.

फोन केला. बेसिनवरून पडला गं, म्हणाली. मग अगदी हळू — "ताई, मला घेऊन जा."

लग्न झाल्यापासून पहिल्यांदा!

मालकांकडे रजा मागायला गेले. ताप आहे म्हणायचं ठरवलं होतं. पण धाकटी म्हणते तसं, मी खोटं बोलले की माझे कान लाल होतात, लांबून सिग्नलसारखे दिसतात. लहानपणी आई माझं तोंड बघायचीच नाही, सरळ केस मागे सारून कान बघायची. तेव्हा मालकांना खरं ते सांगितलं. ते म्हणाले, जा, पण काडी बसवून ने.

बसवली. नवी बिजागरी घातली, घट्ट. कशासाठी घट्ट, ते मनात आलं आणि स्क्रू हातातून उडाला.

१० मार्च

सकाळी गाडी घेऊन निघाले, दुपारी अडकले. एका हाताला डोंगर, एका हाताला समुद्र, मधे हा रस्ता. लोक नुसता बघायला येतात असा. जागोजागी पाट्या — इथे थांबा, फोटो काढा. एका पाटीपुढचा कठडाच नाही. अख्खी कड खाली गेलीय, पाटी तेवढी जागेवर.

गेल्या आठवड्याच्या वादळात दरडी कोसळल्या. मधला पट्टा एकेरी. तोही दिवसातून थोडाच वेळ सोडतात, आधी इकडच्या गाड्या, मग तिकडच्या. लॉजवाल्याला विचारलं, उद्या नंबर लागेल का? घाई असेल तर पोहत जा, म्हणाला.

खोलीतून डोंगर दिसतो. मधूनच दगड सुटतो. आधी आवाज येत नाही, नुसती धूळ दिसते. मग आवाज.

११ मार्च

सकाळी सुरुंग लावले. वर लोंबणारा खडक फोडायचा होता. फुटला, पण शेजारचा अर्धा डोंगर सोबत घेऊन आला. खाली दुधाची गाडी उभी होती. चेपून पत्रा झाली. ड्रायव्हर तेवढ्यात लघवीला उतरला होता म्हणून वाचला. रस्त्याने दूध आणि डिझेल एकत्र वाहत होतं, आणि हा बाबा हसतोय! थांबेचना. शेवटी कोणीतरी त्याच्या थोबाडीत मारली, तेव्हा रडला.

मग रांगेत दोघांची जुंपली. आधी कोण आलं यावरून. एकाने जॅकची दांडी काढली आणि दुसऱ्याचं कपाळ फोडलं. नारळ फोडावा तसा आवाज. बाकीचे गाड्यांच्या काचा वर करून बसले. मीही.

मधे पडली ती नाक्यावरची बाई. नारिंगी जाकीट, गळ्यात शिट्टी. सगळे तिला शिट्टीबाईच म्हणतात. दांडी हिसकावून समुद्रात भिरकावली आणि त्या माणसाला म्हणाली, आता जा, घेऊन ये.

नंतर माझ्या गाडीला टेकून चहा प्यायली. काठीचं तिनेच समजावलं. या वळणांत फोन लागत नाही, वायरलेस नुसता खरखरतो. म्हणून काठी. हातभर लांब, लाल, दोन्ही टोकांना लोखंडी कडं. तुकडीतल्या शेवटच्या गाडीच्या ड्रायव्हरकडे देतात. ती पलीकडच्या नाक्यावर पोचली की रस्ता रिकामा. मगच समोरच्यांना सोडायचं.

"काठी आली म्हणजे मागे कोणी नाही," ती म्हणाली. "नवऱ्यापेक्षा माझा या काठीवर जास्त विश्वास."

केवढं साधं! सगळ्यांचे जीव एका लाकडावर, आणि ते घेऊन येणाऱ्याच्या शब्दावर.

१२ मार्च

पोचले. दार त्यानेच उघडलं. या ताई, प्रवास कसा झाला, बॅग द्या इकडे. धाकटीचा नवरा बोलायला लागला की कोणाला वाटेल, याच्या तोंडात साखर मावत नाही.

त्याची क्रेन आहे. अडकलेल्या, घसरलेल्या गाड्या ओढून काढतो. या रस्त्यावर त्याला सगळे ओळखतात. दरडीखालून परवा त्याने दोन माणसं जिवंत काढली. देवमाणूस आहे, असं पलीकडच्या नाक्यावरच्या टोपीवाल्याने मला आपणहून सांगितलं.

धाकटी डाव्या हाताने वाढत होती. उजवं मनगट सुजून कोपराएवढं झालेलं. दारात सापडलं, तो म्हणाला. मी तिच्याकडे बघत होते तरी उत्तर त्यानेच दिलं. मग म्हणाला, "तुमची बहीण म्हणजे काचेचं भांडं हो ताई. बघावं तेव्हा कुठेतरी आपटलेली."

धाकटी हसली. मीही हसले. कान लाल झाले असणार.

बाथरूमला आतून कडी नाही. चार स्क्रूंची भोकं आहेत, आणि कडीच्या जागेचा रंग बाकीच्या दारापेक्षा उजळ.

१३ मार्च

उद्या दुपारी तो कामावर जाईल. धाकटीने ओट्यापाशी माझा हात दाबला. डाव्या हाताने. तेवढंच.

१६ मार्च

इस्पितळ. माझा जबडा मोडलाय. सूज उतरेपर्यंत बोलायचं नाही. लिहिता येतं. क्रमाने लिहिते, नाहीतर डोक्यात सगळं उलटसुलट होतं.

चौदा तारखेला तो गेल्यावर निघालो. धाकटीने एक पिशवी घेतली, बस्स. दुखणं सोसेना म्हणून दोन गोळ्या दिल्या. नाक्यावर तुकडी सुटतच होती. टोपीवाल्याने काठी माझ्या हातात दिली — तुम्ही शेवटच्या. गाडी हलली तशी धाकटीने डोकं खिडकीला टेकवलं आणि डोळे मिटले. काठी आमच्या दोघींच्या मधे.

अर्ध्या रस्त्यात आरशात पिवळा दिवा दिसला. फिरणारा. क्रेन.

काठी सुटल्यावर कोणाला आत सोडत नाहीत. पण त्याला कोण अडवणार? त्याची क्रेन कोणी कधी अडवलीच नाही. टोपीवाल्याने दोर वर केला असेल, सलाम ठोकला असेल. बस्स. आता माझ्यामागे एक गाडी होती आणि हे जगात फक्त मला माहीत होतं.

इकडच्या नाक्याला पोचलो. बाजूच्या खाचेत मला उभं केलं. आमच्या पुढच्या गाड्या निघून गेल्यावर दगड भरलेले डंपर आमच्याकडे तोंड करून वाटेत येऊन उभे, इंजिनं चालू. मी काठी देणार, ते निघणार, मग मला वाट मिळणार. त्यांच्यापुढे सरळ उतार, आणि उताराच्या तळाला ते वळण. भरलेला डंपर तिथे थांबत नाही. थांबूच शकत नाही. एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला कठडाही नाही.

शिट्टीबाईने हात पुढे केला. मागे कोणी नाही ना?

नुसतं बोलायचंही नव्हतं. काठी द्यायची होती. काठीच बोलली असती.

धाकटीकडे पाहिलं. झोपलेली. गालावर जुना पिवळा डाग.

"आहे," मी म्हणाले. "क्रेन आहे."

शिट्टीबाईने टोपीवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. डंपर बंद करायला लावले. ड्रायव्हर कंटाळून मागच्या टपरीवर गेले. काठी माझ्याकडेच ठेवायला सांगितली, क्रेन आल्याशिवाय ती घेणार नाही. मी म्हटलं, मला आधी जाऊ द्या, तो माझ्या बहिणीला मारतो. ती वाकून धाकटीचं मनगट बघत राहिली. क्रेनवाला? आपला क्रेनवाला? पण पुढे डंपर, मागे तो. आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना!

आणि तो आलाच.

क्रेन आमच्या मागे आडवी लावली. शांतपणे उतरला. शिट्टीबाई आडवी गेली तर तिच्या खांद्यावर थोपटलं — घरचं आहे आमचं. धाकटीच्या खिडकीशी येऊन बोटाने काच वाजवली. मी चारही दारं लावली होती. त्याने मान डोलावली, जणू हेच अपेक्षित होतं. मग चाकाचा पाना काढला आणि काच फोडली.

सगळ्या काचा तिच्या मांडीत. त्याच खिडकीतून हात घालून त्याने तिला ओढलं. त्याच मनगटाला धरून! असला आवाज मी माणसाच्या तोंडून ऐकला नव्हता. मी पलीकडून उतरले, त्याची मान धरली, चावले. त्याने वळून पाना मारला. माझ्या तोंडात दात सुटे झाले. खाली पडले तशी लाथ. मग आणखी एक. तो मोजून मारत होता, घाई नव्हती. शिट्टीबाईने त्याच्या कमरेला मिठी घातली तर तिला त्याने झटकून दिलं.

मग तो एकदम गुडघ्यावर आला.

त्याच्यामागे धाकटी. डाव्या हातात लाल काठी. एकदा मारली तेव्हाच तो संपला होता, असं वाटतं. ती थांबली नाही. कडं लागायचं तिथे दरवेळी वेगळा आवाज यायचा. ती रडत नव्हती, ओरडत नव्हती. भांडी घासताना असते तशी मग्न. चष्मा नाकावर नीट होता.

शिट्टीबाई उठली. आधी तिने धाकटीच्या हातातून काठी काढली. मग ती माझ्या हातात दिली, माझी बोटं एकेक करून मिटवली. मग शिट्टी फुंकली. टपरीवरून लोक धावत आले तेव्हा काठी माझ्याकडे होती.

मला तेव्हा वाटलं, काठी तिने नियमाप्रमाणे दिली.

१७ मार्च

तो पहाटे गेला. नर्सने सांगितलं आणि पडदा ओढून घेतला.

खाली गर्दी जमलीय. देवमाणसाला मारलं! कोणीतरी दगड भिरकावला, खालच्या मजल्याची काच फुटली. मला क्षणभर वाटलं, दरड आली.

पोलीसबाई आल्या होत्या. धाकटीचा उजवा हात प्लास्टरमध्ये खांद्यापर्यंत. तिला त्यांनी फार विचारलं नाही. या हाताने ही काय मारणार, असंच त्यांच्या चेहऱ्यावर होतं. माझं तोंड उघडलं की येते, म्हणाल्या.

१९ मार्च

धाकटी कोणाशी बोलत नाही. खुर्चीत बसून असते. मी झोपले असं वाटलं की उठून बाथरूमला जाते आणि आतून कडी लावते. काढते. पुन्हा लावते.

२३ मार्च

आज बोलली. खिडकीकडे बघत, माझ्याकडे नाही.

"तू 'आहे' म्हणालीस ना, तेव्हा मी जागी होते."

बोलता येत नाही म्हणून नर्सने दिलेल्या पाटीवर मी काही लिहायला गेले, तिने पाटी बाजूला ठेवली.

"माझ्या बाजूलाही आरसा आहे ताई. मला दिवा केव्हाच दिसला होता. मी डोळे मिटून म्हणत होते, एकदाच. माझ्यासाठी एकदाच खोटं बोल."

तोंड बांधलंय ते बरं. उघडं असतं तरी काय सांगणार होते? की मला जमलं नाही? की वळणावर चेपलेला माणूस डोळ्यांपुढे आला, आणि चेपलेली तू आली नाहीस?

नंतर ती माझ्या केसांतून हात फिरवत बसली. म्हणाली, तुझा राग नाही गं. तू हरिश्चंद्राची सख्खी बहीण, मला माहीत होतंच. मग म्हणाली, उद्या पोलीसबाई येतायत. त्यांना सांगून टाकते, डाव्या हाताने मारलं. तू तरी सुटशील.

चेहरा किती शांत होता तिचा. इतका शांत मी लग्नाआधी पाहिला होता. आणि हा चेहरा आता एका दारामागे जाणार, ज्याची कडी बाहेरून असते.

२४ मार्च

तोंड बोटभर उघडतं. पट्टी हनुवटीखालून, दोन्ही कानांवरून, वर गाठ.

धाकटीला खाली चहा आणायला पाठवलं आणि पोलीसबाईंना आत बोलावलं. त्यांनी सांगितलं, शिट्टीबाईचा जबाब झालाय. काठी शेवटच्या गाडीच्या ड्रायव्हरकडेच असते, नियम आहे, एवढंच ती परत परत म्हणते. मग विचारलं, मारताना काठी कोणाच्या हातात होती?

"माझ्या," मी म्हणाले. "पहिल्यापासून शेवटपर्यंत."

त्या बराच वेळ माझ्याकडे बघत राहिल्या.

कान पट्टीखाली होते.